मालगाडीतून आलेलं घर

टपालाने घर मागवायचं म्हणजे नेमकं काय मागवायचं, इथून सुरुवात करू. 'किट हाउस' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तयार भिंती येतात. आणल्या, उभ्या केल्या, नट-बोल्ट आवळले, झालं. तसल्या घड्या घालायच्या झोपड्या आणि मोटारगाडीचे गॅरेज त्या काळी मिळत होते, पण ते वेगळं प्रकरण. अमेरिकेत 1906 ते 1940 या काळात कॅटलॉगमधून जी घरं गेली, त्यांच्यात तयार भिंत अशी नव्हतीच. सुटी लाकडं होती. सरासरी घराचे तीस हजारांच्या वर नग, साडेसातशे पौंड खिळे, सत्तावीस गॅलन रंग आणि व्हार्निश. आपल्या मापात सांगायचं तर सुमारे 340 किलो खिळे आणि 100 लिटरच्या पुढे रंग.

आता प्रश्न असा की लाकूड तर गावातल्या वखारीतही मिळत होतं. मग हजार मैलांवरून का मागवायचं? गिऱ्हाईक लाकडाचे पैसे देत होतं हे खरंच, पण त्याला हवी होती ती करवत. प्रत्येक नग मापात कापून, टोकावर अक्षर आणि आकडा ठोकून येत होता. गावच्या सुताराचं निम्मं काम कारखान्यात उरकलेलं असायचं. आजचं व्याख्यान मुख्यतः या कापण्याबद्दल आहे. धंदा वाढला तो त्याच्यामुळे. बुडाला मात्र कर्जामुळे, तेही शेवटी बघू.

मिशिगन राज्यात ह्यूरॉन सरोवराच्या काठी बे सिटी नावाचं गाव आहे. लाकडाचं गाव. तिथे ब्रूक्स नावाची कंपनी टपालाने होड्या विकायची. आधी नुसते कागदी साचे, नंतर कापलेले भाग. गिऱ्हाइकाने घरी बसून जोडायचे. विल्यम आणि ऑटो सॉव्हरिन या भावांनी ते पाहिलं आणि 1906 मध्ये हाच हिशेब घराला लावला. होडी हे घरापेक्षा अवघड काम आहे, तिच्यात सरळ लाकूड सापडायचं नाही. ती जर माणूस पुस्तकात बघून जोडतो, तर चौकोनी खोली का नाही जोडणार? सुरुवात त्यांनी नावेच्या शेड, गॅरेज आणि उन्हाळी कॉटेजपासून केली. कंपनीचं नाव ठेवलं अलादीन. दिवा घासला की रातोरात महाल, हा अर्थ गिऱ्हाइकाने स्वतःच लावायचा होता.

दुसरं मोठं नाव शिकागोचं, सीअर्स रोबक. ही कंपनी कॅटलॉगमधून शिवणयंत्रापासून कबरीवरच्या दगडापर्यंत सगळं विकत होती आणि 1895 पासून बांधकामाचं सामानही. पण ते खातं तोट्यात होतं. 1906 मध्ये ते गुंडाळण्यासाठी फ्रँक कुशेल या चिनी मातीच्या भांड्यांच्या खात्यातल्या व्यवस्थापकाकडे दिलं. त्याने हिशेब तपासला तर तोटा साठवणुकीत निघाला. दारं, खिडक्या, फळ्या आधी शिकागोच्या गोदामात यायच्या, तिथे जागा अडवायच्या आणि पुन्हा बाहेर जायच्या. त्याने सुचवलं, माल कारखान्यातून थेट गिऱ्हाइकाच्या स्टेशनवर पाठवा. खातं वाचलं आणि 1908 मध्ये घरांचा स्वतंत्र कॅटलॉग निघाला. पुढे 1940 पर्यंत या कंपनीने 447 नमुने काढले आणि सत्तर ते पंचाहत्तर हजार घरं विकली, असा तिचाच अंदाज आहे. अलादीनचा आकडाही पंचाहत्तर हजारांच्या वर जातो, पण तिला वर्षं जास्त मिळाली.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती पुष्कळदा चुकीची लिहिली जाते. सीअर्सने पहिल्या दिवसापासून कापलेलं लाकूड दिलं नाही. सुरुवातीची काही वर्षं नकाशे आणि सामान यायचं, लाकूड मात्र अखंड लांबीचं, कापायचं जागेवरच. मापात कापून पाठवण्याची पद्धत तिच्याकडे साधारण 1914 ते 1916 च्या सुमाराला आली. म्हणजे अलादीननंतर बऱ्याच वर्षांनी.

आता कापण्याकडे येऊ. आपल्याकडे घर म्हटलं की दगड-विटांच्या भिंती डोळ्यांसमोर येतात, म्हणून आधी अमेरिकन भिंत कशी असते ते सांगायला हवं. पायावर चारही बाजूंनी एक आडवं लाकूड, त्यावर दोन इंच बाय चार इंचाची उभी लाकडं. त्यांना स्टड म्हणतात. बाहेरून फळ्या, आतून बारीक आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर गिलावा. भिंत आतून पोकळ.

स्टड किती अंतरावर लावायचे? सीअर्सच्या 'ऑनर बिल्ट' या वरच्या प्रतीच्या घरांच्या जाहिरातीत आकडा येतो 14 पूर्णांक 3/8 इंच. वाचणाऱ्याला वाटतं, हे काय विचित्र माप! पण दोन इंची म्हणून विकलेलं लाकूड रंधा मारल्यावर 1 पूर्णांक 5/8 इंच उरायचं. दोन्हींची बेरीज करा, बरोबर सोळा इंच. म्हणजे एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सोळा. आणि सोळाच का, तर गिलाव्याखालची पट्टी चार फुटांची, म्हणजे 48 इंचांची यायची. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. पट्टीची दोन्ही टोकं स्टडच्या मधोमध पडतात, खिळा दोघांना मिळतो. स्टड इंचभर सरकला की पट्टीचं टोक पोकळीत लोंबकळतं, तिथे खिळा बसत नाही आणि वर्षभरात गिलाव्याला उभी चीर जाते. स्वस्त प्रतीच्या घरांत हेच अंतर 22 पूर्णांक 3/8 होतं. त्यात 1 पूर्णांक 5/8 मिळवले की चोवीस. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. पट्टीची टोकं इथेही जुळतात, पण मधे आधार एकच. कंपनी स्वस्त घर कुठे स्वस्त करते ते या एका आकड्यात दिसतं.

तरी भिंत हे सोपं काम. सुताराची परीक्षा छपरात. समजा छपराला दर बारा इंचांना आठ इंच चढ आहे. मग दर फुटामागे वाशाची तिरपी लांबी सुमारे 14.42 इंच येते. पायथागोरस शाळेत सगळ्यांनीच केलेला आहे. चारी बाजूंना उतरतं छप्पर असेल तर कोपऱ्यातून एक तिरका वासा वर जातो आणि त्याला टेकणारे छोटे वासे कोपऱ्याकडे जाताना लहान लहान होत जातात. दोन वाशांत सोळा इंच अंतर असेल तर प्रत्येक वासा शेजारच्यापेक्षा सव्वाएकोणीस इंचांनी आखूड. शिवाय वरचं टोक दोन दिशांनी तिरकं कापायचं आणि खाली भिंतीवर बसायला खाच घ्यायची. चांगला सुतार हे लोखंडी गुण्या घेऊन उन्हात उभा राहून करतो. पण एका बाजूचा वासा डावा, दुसऱ्या बाजूचा उजवा. दुपारी चारला कोणाचं तरी डोकं चालेनासं होतं आणि चार डावे वासे जास्त कापले जातात. कारखान्यात हेच काम साचा लावून होतं. साचा दमत नाही आणि एकाच नमुन्याची पन्नास घरं असतील तर पन्नासांचेही वासे तसेच.

नासाडीचा हिशेबही इथलाच. वखारीत लाकूड दहा, बारा, चौदा, सोळा फूट अशा ठरावीक लांबीत मिळतं. तुम्हाला हवं नऊ फूट दोन इंच, तर दहाचं घ्या आणि उरलेले दहा इंच चुलीत घाला. जागेवर कापलं तर लाकडाचा सुमारे अठरा टक्के भाग वाया जातो आणि आपल्याकडे दोन टक्केही जात नाही, असा अलादीनचा दावा होता. आकडे जाहिरातीतले आहेत, तेव्हा जरा जपूनच घ्या. पण कारण खरं आहे. एका घराचा दहा इंची तुकडा दुसऱ्या घराच्या खिडकीखाली बसतो. ही सोय एका घरावर काम करणाऱ्या सुताराला नाही, गिरणीला आहे.

सीअर्सने तर प्रयोगच करून दाखवला. ओहायो आणि मिसिसिपी नद्या मिळतात तिथे केरो नावाच्या गावी कंपनीची लाकडाची गिरणी होती. तिथे 'रोडेसा' या छोट्या नमुन्याची दोन घरं उभी केली, एक कापलेल्या लाकडाचं, दुसरं नेहमीच्या पद्धतीचं. पहिल्याला सुतारकामाचे 352 तास लागले, दुसऱ्याला 583. घर कंपनीचं, माणसं कंपनीची, घड्याळही कंपनीचंच. तरीसुद्धा यातला निम्मा फरक खरा धरला, तरी सुताराची दोन-अडीच आठवड्यांची मजुरी वाचते.

मालाच्या बाबतीत अलादीनने एक बेधडक पैज लावली होती: आमच्या बाहेरच्या फळ्यांमध्ये गाठ दाखवा, दर गाठीमागे एक डॉलर घेऊन जा. गाठीला एवढं महत्त्व का, तर गाठ भोवतालच्या लाकडापेक्षा वेगळी सुकते, सैल होते, गळून पडते आणि भोकातून पाणी भिंतीच्या पोकळीत जातं. गाठीतून राळ झिरपते, तिच्यावर रंग धरत नाही, ही दुसरी तक्रार. सीअर्स बाहेरच्या कामाला सायप्रस वापरायची. दलदलीत वाढणारं झाड, ओलीला दाद देत नाही.

घर निघालं. साधारण एक ते दोन मालडबे. स्टेशनमास्तरचा निरोप आला की घड्याळ सुरू: अठ्ठेचाळीस तासांत डबा रिकामा करायचा, नाहीतर दिवसागणिक डेमरेज, म्हणजे डबा अडवून ठेवल्याचा दंड. घोडागाडी, शेजारी, मेव्हणे, जे मिळतील ते गोळा करून माणसं माल उतरवायची आणि पहिली चूक इथेच व्हायची. घाईत सगळं एका ढिगात पडायचं. ज्याला समज होती तो आकड्यांप्रमाणे वेगवेगळ्या थप्प्या लावायचा. जमिनीपासून वीतभर वर, प्रत्येक थरात पातळ पट्ट्या घालून, म्हणजे वारा खेळतो. वरून ताडपत्री. सगळ्यात आधी लागणाऱ्या तुळया हाताशी, वासे मागे. ओल्या मातीवर टाकलेला स्टड आठवड्यात पीळ खातो. कारखान्यात सरळ कापलेलं लाकूड वाकडं झालं की त्याच्या अचूक लांबीचा उपयोग शून्य.

दारं, खिडक्या आणि जमिनीच्या ओकच्या फळ्या शेजाऱ्याच्या कोरड्या खोलीत ठेवायच्या. त्या लवकर घरात आणल्या की घात. नव्या गिलाव्यातून आठवडेच्या आठवडे पाणी हवेत जात असतं. ओक ते पितो, फुगतो. फुगलेला असतानाच फळ्या गच्च ठोकल्या की हिवाळ्यात शेगडी पेटल्यावर त्या आकसतात आणि दोन फळ्यांमध्ये नाणं जाईल अशी फट पडते. मालक म्हणतो कंपनीने ओलं लाकूड दिलं. लाकूड कोरडंच होतं, घर ओलं होतं.

सामानाबरोबर नकाशे आणि मालकाचं नाव छापलेली, 75 पानांची जोडणीची पुस्तिका यायची. आकडे तिच्याशी ताडून बघायचे. कंपनीने न पाठवलेल्या वस्तूंची यादी मात्र कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात असायची: दगड, विटा, सिमेंट. हे जड आणि स्वस्त, यांचं रेल्वेचं भाडं परवडत नाही, म्हणून गावातून घ्या. नळ, गरम हवेची भट्टी आणि विजेच्या तारा मिळायच्या, पण वेगळे पैसे भरून. सगळ्यात स्वस्त नमुन्यांत न्हाणीघर नसायचंच. संडास परसात, आणि तोही कॅटलॉगमधून वेगळा मागवायचा. त्यामुळे पाया, मजुरी, नळकाम सगळं धरलं की घर छापील किमतीच्या पुष्कळदा दुप्पटीजवळ जायचं.

पाया गावच्या गवंड्याचा आणि वरचं घर कारखान्याचं, ही या पद्धतीतली सगळ्यात नाजूक जागा. जागेवर कापणारा सुतार पायाची चूक पोटात घालतो. एक कोपरा इंचभर बाहेर गेला तर तो तुळई इंचभर लांब कापतो आणि कोणाला सांगत नाही. कापून आलेली तुळई लांब होत नाही. म्हणून पाया भरण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच काटकोन खरा. कोपऱ्यात तीन-चार-पाचचा त्रिकोण टाकून बघा. वरची पातळी पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांवर तपासा. चोवीस फुटांवर पाऊण इंचाचा उतार पायावर डोळ्यांना दिसत नाही. तो वर वर चढत जातो, आढ्यापाशी वाशाचं तोंड उघडं पडतं आणि मग दोष छापखान्याला, गिरणीला, रेल्वेला, सगळ्यांना लागतो.

दुसरी नेहमीची चूक जास्त साधी. परांचीला एक लांब लाकूड कमी पडतं, गडी थप्पीतून एक उचलतो आणि निम्मं कापतो. तो असतो नेमका जिन्याचा कैचीचा दांडा, जो दीड महिन्याने लागणार असतो. त्या घरात जास्तीचा नग नसतो. बदली मागवायची म्हणजे पत्र, आणि पत्राचं उत्तर मालगाडीच्या चालीने. तिसरी चूक उलट्या नकाशाची. घर आरशातल्यासारखं डावं-उजवं बदलून मागवता यायचं. मागवताना ते कळवायचं राहिलं, पण पाया मात्र उलटा खणला, की जिना आणि दारांची बिजागरं चुकीच्या हाताला.

या घरांत सगळ्यात जास्त खपला तो बंगला. शब्द आपल्या देशातला, बंगाली घरावरून इंग्रजांनी उचललेला. ओटा, उतरतं छप्पर, एकच मजला. तो इंग्लंडमार्गे कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथून कॅटलॉगमध्ये. मग तोच उलट्या दिशेनेही निघाला. 1917 मध्ये हर्बर्ट ऑस्टिनला बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या मोटार कारखान्यातल्या युद्धकाळच्या कामगारांसाठी घरं हवी होती. त्याने बे सिटीहून अलादीनचे देवदाराचे दोनशे बंगले समुद्रमार्गे मागवले. लाकडी वस्तीत आग पसरू नये म्हणून मधून मधून विटांची घरं बांधली. ती वस्ती अजून आहे.

कंपन्यांनी घाऊक मागणी केली तेव्हा ही पद्धत सगळ्यात शोभली. व्हर्जिनियात होपवेलला ड्यू पाँटने दारूगोळ्याच्या कामगारांसाठी अलादीनची घरं उभी केली. इंडियानाच्या स्टँडर्ड ऑइलने 1918 मध्ये कोळसा खाणीच्या कामगारांसाठी सीअर्सकडून 192 घरं घेतली, सुमारे दहा लाख डॉलरची मागणी. त्यांतली 156 इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिलला. काही दशकं नव्हे, काही वर्षांतच खाणीचं काम थांबलं आणि रस्तेच्या रस्ते रिकामे पडले. घरं टिकली, नोकऱ्या गेल्या.

आता कर्ज. सीअर्स 1911 पासून घरासाठी कर्ज देऊ लागली. आधी फक्त सामानापुरतं, पुढे मजुरीचे पैसेही. 1917 मध्ये तर हातात काही नसताना घर देण्यापर्यंत मजल गेली. व्याज सहा टक्के, मुदत बहुधा पाच वर्षं, कधी पंधरापर्यंत. दुकानदाराच्या नजरेने हे उत्तम होतं: घर घेणारा भट्टी, पडदे, पंखे सगळं त्याच कॅटलॉगमधून घेणार. पण लाकूड विकणारी कंपनी बघता बघता सावकार झाली. 1929 मध्ये घरांची विक्री एक कोटी वीस लाख डॉलरच्या वर गेली, आणि त्यातला जवळजवळ निम्मा पैसा कर्जात अडकलेला होता.

मग मंदी आली. हप्ते थांबले. बँकेने घर जप्त केलं तर माणूस बँकेला शिव्या देतो आणि दुकानातून वाणसामान आणत राहतो. इथे जप्ती आणणारा आणि दुकानदार एकच होता. ज्याचं घर सीअर्सने घेतलं तो त्यांचा रंगाचा डबाही पुन्हा घेणार नव्हता, त्याचा भाऊही नाही. 1934 मध्ये कंपनीने एक कोटी दहा लाख डॉलरची कर्जं निकालात काढली आणि घरांचं खातं बंद केलं. पुढच्या वर्षी ते कर्जाशिवाय पुन्हा उघडलं, पण रया गेली होती. 1940 चा कॅटलॉग शेवटचा.

अलादीन कर्जाच्या वाटेला गेलीच नाही. मागणीबरोबर पाव रक्कम, बाकी माल पोचल्यावर. सगळे पैसे आधी भरले तर पाच टक्के सूट. कंजूष वाटणारा हा नियम तिला 1980 च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत घेऊन गेला. तिच्या विक्रीच्या वह्या मिशिगनमधल्या क्लार्क हिस्टॉरिकल लायब्ररीत जपून ठेवल्या आहेत. सीअर्सने आपल्या नोंदी टाकून दिल्या, म्हणून सत्तर ते पंचाहत्तर हजार हा अंदाजच राहिला आहे.

त्यामुळे आज अमेरिकेत सीअर्सचं घर ओळखणं हा एक छंदच होऊन बसला आहे, आणि त्यात फसगत फार. कॅटलॉगमधल्या चित्रासारखं घर दिसलं म्हणून ते कॅटलॉगचं ठरत नाही. एकाच पद्धतीची घरं दहा कंपन्या विकत होत्या. गॉर्डन-व्हॅन टाइन ही आयोवातली कंपनी तर माँटगोमेरी वॉर्ड या दुसऱ्या कॅटलॉग कंपनीच्या नावानेही घरं पुरवायची, म्हणजे एकच घर दोन नावांनी. आधी बाहेरची लांबी-रुंदी फुटपट्टीने मोजून छापील मापाशी जुळवायची; दोन फुटांचा फरक आला तर विषय बहुधा संपला. मग टॉर्च घेऊन तळघरात जायचं आणि तुळयांच्या टोकाशी एक अक्षर, दोन-तीन आकडे अशी शाई शोधायची. जिन्याच्या खालची बाजू बघायची, कारण तिथे कोणी रंग देत नाही. दाराची पट्टी दुरुस्तीसाठी निघालेली असेल तर तिची मागची बाजू. पाठवणीची चिठ्ठी तिथे चिकटलेली सापडते. शाई दिसली नाही म्हणून घर बाद करायचं नाही, 1908 ते 1914 च्या घरांवर ती नसणारच. अशा वेळी तालुक्याच्या कचेरीत जुने गहाणखताचे दस्त काढतात. कंपनीच्या वतीने विश्वस्त म्हणून सही करणाऱ्यांची नावं आता छंदिष्टांना पाठ आहेत. वॉकर ओ. लुइस हे नाव दस्तावर सापडलं की चित्र, माप, शाई यांतलं काही जुळत नसतानाही घराचा माग लागतो.